पाटी बघून स्लाव्हिक भाषा कशी ओळखायची, आणि सिरिलिक देवनागरीतून कशी शिकायची

देवनागरीतली एखादी पाटी मराठी आहे का हिंदी, हे ओळखायला आपल्याला ती पूर्ण वाचावी लागत नाही. कुठेतरी ळ दिसतो, 'आहे' दिसतं, झालं काम. स्लाव्हिक भाषांचंही तसंच आहे, आणि हे मला आधीच कुणी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती, म्हणून हे सविस्तर लिहितोय. बाहेरून बघणाऱ्याला रशियन, युक्रेनी, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन सगळं सारखंच वाटतं, पण यातल्या बहुतेक भाषांकडे एकदोन अक्षरं अशी आहेत की ती दिसली की दुसरा विचारच करायला नको.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. या लिप्यांकडे इंग्रजीतून जाऊ नका, मराठीतून जा. पुण्यात रशियनच्या क्लासला होतो तेव्हा मी वहीत प्रत्येक सिरिलिक, म्हणजे रशियनच्या लिपीतल्या, अक्षरासमोर इंग्रजी स्पेलिंग लिहायचो. एका अक्षरासमोर टी-एस लिहिलं होतं, आणि सर्कससाठीचा शब्द वाचताना मी 'त्सिर्क' असं त आणि स वेगळे काढून वाचत होतो. बाईंनी थांबवलं आणि विचारलं, चमचा कसा म्हणतोस? मी म्हटलं, चमचा. त्या म्हणाल्या, मग तोच च इथे म्हण. तेवढंच. चमचा, चटणी, चोर यातला जो च आहे तो रशियन, पोलिश, चेक, सर्बियन सगळ्यांकडे आहे, इंग्रजीकडे त्याला स्वतंत्र अक्षर नाही, हिंदी बोलणाऱ्यालाही तो मुद्दाम शिकावा लागतो, आणि आपल्या तोंडात तो लहानपणापासून बसलाय. त्या दिवशी घरी जाऊन मी सगळी वही देवनागरीत परत लिहिली.

तर सुरुवात अशी करा. पाटी, पुस्तक, औषधाची चिठ्ठी जे काही समोर असेल त्यात आधी फक्त एवढंच बघा की लिपी सिरिलिक आहे की रोमन. एवढ्यावरच अर्ध्या भाषा बाद होतात. रशियन, युक्रेनी, बेलारूसी, बल्गेरियन, मॅसेडोनियन सिरिलिकमध्ये. पोलिश, चेक, स्लोव्हाक, स्लोव्हेन, क्रोएशियन रोमनमध्ये. सर्बियन दोन्हींमध्ये, म्हणजे सरकारी कागद सिरिलिकमध्ये आणि दुकानाची पाटी, मोबाईलवरचा मेसेज बऱ्याचदा रोमनमध्ये. बाहेरच्यांना याचं फार नवल वाटतं पण आपल्याला वाटायचं कारण नाही, गोव्यात कोंकणी देवनागरीतही लिहितात आणि रोमीतही, आणि आपल्याकडे मोडी आणि बाळबोध शेकडो वर्षं शेजारी शेजारी चालल्या.

हे दोन भाग पडले ते मुख्यतः चर्चमुळे. 863 साली थेसालोनिकीचे दोन भाऊ, सिरिल आणि मेथोडियस, मोराव्हियाला गेले, म्हणजे आजच्या चेक देशाचा पूर्वेकडचा भाग आणि आसपास. लोकांच्या भाषेत धर्मग्रंथ सांगायचे म्हणून सिरिलने नवीन लिपी तयार केली, पण ती सिरिलिक नव्हती बरं का, ती ग्लागोलिटिक. गोल गोल चौकटींची, आज कुणी वापरत नाही, क्रोएशियात मात्र ती बरीच शतकं टिकली. सिरिलिक नंतर आली, बल्गेरियाच्या राज्यात, त्या भावांच्या शिष्यपरंपरेतून, आणि ती ग्रीक अक्षरांवर उभी आहे. पुढे जे लोक ऑर्थोडॉक्स चर्चकडे राहिले त्यांच्याकडे सिरिलिक राहिली, जे रोमच्या चर्चकडे गेले त्यांच्याकडे रोमन. बल्गेरियात आजही 24 मे ला लिपीच्या नावाने सुट्टी असते. अक्षरांसाठी राष्ट्रीय सुट्टी, मला ही गोष्ट मनापासून आवडते.

आता सिरिलिक शिकायची. रशियनमध्ये 33 अक्षरं आहेत, रोज अर्धा तास दिला तर आठवडा पुरतो, फक्त ती ए-बी-सी-डी सारखी क्रमाने पाठ करू नका. आधी ती घ्या जी रोमनसारखी दिसतात आणि उच्चारही जवळपास तोच आहे, अ, क, म, ओ, त. (इंग्रजी ई सारखं दिसणारं अक्षरही याच गटात घ्या, फक्त त्याचा उच्चार 'ये'.) मग फसवी अक्षरं घ्या आणि यांच्यावर दोन दिवस घालवा, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. इंग्रजी बी सारखं दिसतं ते व. एच सारखं दिसतं ते न. पी सारखं दिसतं ते र. सी सारखं दिसतं ते स. वाय सारखं दिसतं ते ऊ. एक्स सारखं दिसतं ते ख, पण घशातून घासून काढलेला. आता एक शब्द बघा. रशियात हॉटेलाच्या दारावर मोठ्या अक्षरात जे लिहिलेलं असतं ते इंग्रजी समजून वाचलं तर 'पेक्टोपाह' असं होतं आणि काही बोध होत नाही. वरचे नियम लावा, पी चा र, सी चा स, परत पी चा र, शेवटच्या एच चा न. रेस्तोरान! हा एक शब्द दहा वेळा लिहा, फसव्या अक्षरांतली तीन कायमची बसतात.

तिसऱ्या दिवशी गणिताची अक्षरं. शाळेत पाय, गॅमा, लॅम्डा, डेल्टा, फाय शिकलोय ना आपण, तीच थोडी फिरवून इथे प, ग, ल, द, फ म्हणून बसली आहेत. मग उरतात ती खरी नवी. त्यातलं च (चहातला) हे अक्षर हुबेहूब इंग्रजी 4 सारखं दिसतं, आणि चार म्हणताना आपण जो च म्हणतो तोच त्याचा उच्चार, रशियनमध्येही चारला 'चितीर्ये' म्हणतात, आणि चहाला 'चाय'. चमच्यातला च म्हणजे चौकोनी पेल्यासारखं अक्षर, उजवीकडे खाली छोटी शेपटी. आर उलटा केला की 'या'. तीन उभ्या दांड्या खाली जोडल्या की श, आणि हा श थोडा पोटफोड्या ष कडे झुकतो. त्याच अक्षराला शेपटी लावली की मऊ, लांबवलेला श्श.

दोन ठिकाणी देवनागरी कमी पडते हे मान्य करायला हवं. एक म्हणजे किड्यासारखं दिसणारं, सहा पायांचं अक्षर. त्याला झ लिहितात पण तो झाडातला झ नाही, इंग्रजी 'प्लेझर' म्हणताना मधे जो येतो तो. दुसरं म्हणजे 'इ' आणि 'उ' च्या मधला एक स्वर, तो रशियन माणसाकडून ऐकल्याशिवाय येत नाही, कागदावर समजावण्यात अर्थ नाही. पण मऊ व्यंजनांच्या बाबतीत मात्र आपण इंग्रजीवाल्यांच्या कितीतरी पुढे आहोत, ते ज्याला धडपडतात ते आपण 'न्या', 'ल्या', 'त्या' असं जोडाक्षर करून म्हणून टाकतो. 'नाही' साठी रशियन शब्द न्येत, नेट नाही.

आणि हाताने लिहिलेलं किंवा तिरकं छापलेलं आलं की घाबरू नका. तिरक्या छपाईत त हा इंग्रजी छोट्या एम सारखा होतो, प हा एन सारखा आणि ई हा यू सारखा. याची वेगळी अर्धा पानाची यादी करून भिंतीला चिकटवा.

आता मुख्य काम, सिरिलिकमधल्या भाषा एकमेकींपासून वेगळ्या काढणं. इथे पूर्ण वाचू नका, शोधा.

एका उभ्या दांडीवर दोन टिंबं दिसली, आय सारखं अक्षर पण वर एकाऐवजी दोन टिंबं, की ती युक्रेनी. उच्चार 'यी'. कीवच्या युक्रेनी नावात ते मधे आहे, क्यियिव असं काहीसं, आणि रशियन नावात नाही. 2022 नंतर रशियाच्या ताब्यात गेलेल्या युक्रेनी शहरांमध्ये लोकांनी रात्री भिंतींवर नुसतं हे एक अक्षर रंगवलं, बाकी काही लिहायची गरजच नव्हती. युक्रेनीत ग साठी एक वेगळं अक्षरही आहे, त्याच्या टोकाला वर जाणारं शिंग असतं, ते सोव्हिएत राजवटीने 1933 मध्ये काढून टाकलं आणि 1990 मध्ये परत आलं. साधं ग चं अक्षर मात्र युक्रेनीत 'ह' वाचायचं. रशियन शिकलेला माणूस युक्रेनी वाचताना सगळ्यात आधी इथे चुकतो.

इंग्रजी वाय वर आपल्या ऑ वर असतो तसा चंद्र दिसला की बेलारूसी. दुसऱ्या कुठल्याच स्लाव्हिक भाषेच्या वर्णमालेत ते अक्षर नाही, आणि पोलोत्स्क गावात त्या अक्षराचं स्मारक आहे. चंद्र दुसऱ्या एका अक्षरावरही असतो, उलट्या एन सारख्या अक्षरावर, तो 'य', तो रशियन, युक्रेनी, बल्गेरियन सगळीकडे सापडतो, त्यावरून काही ठरवू नका. वाय वरचाच चंद्र बघा.

बल्गेरियन ओळखायची खूण म्हणजे लहान बी सारखं दिसणारं, वर डावीकडे नाक काढलेलं अक्षर जागोजागी, शब्दांच्या मधे दिसणं. रशियनमध्येही ते आहे पण क्वचित, आणि तिथे त्याला स्वतःचा आवाज नाही. बल्गेरियनमध्ये त्याचा उच्चार जवळपास आपला 'अ'. देशाच्या नावातच दुसरं अक्षर ते आहे, बल्गारिया, म्हणजे ब मधला अ. इंग्रजी बल्गेरिया शब्दात तो स्वर कसा लिहायचा यावर परदेशी पुस्तकं परिच्छेद लिहितात, आपण 'ब' लिहून मोकळे होतो.

सर्बियन सगळ्यात सोपी. व्हूक कराजिच या माणसाने 1818 मध्ये शब्दकोश काढला आणि लिपी पार स्वच्छ केली, एका आवाजाला एकच अक्षर, जसं बोलता तसं लिहा. ल आणि न ला मऊपणाची खूण चिकटवून त्याने अक्षरशः जोडाक्षरं केली, ल्य आणि न्य. ही जोडलेली अक्षरं आणि त्यात इंग्रजी जे दिसला की सर्बियन किंवा मॅसेडोनियन. मग या दोघींत फरक करायचा तर जोकोविचचं नाव आठवा. सर्बियन सिरिलिकमध्ये त्याच्या आडनावाचं पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर दोन्ही एच सारखी, मानेवर आडवी काट मारलेली आहेत, पहिलं मऊ ज, शेवटचं मऊ च. ती सर्बियनची (आणि माँटेनेग्रोची). मॅसेडोनियनमध्ये त्याऐवजी ग आणि क वर तिरकी रेघ मारतात, शिवाय इंग्रजी एस सारखं एक अक्षर असतं, त्याचा उच्चार जाडमधला ज. ही लिखित भाषा म्हणून 1945 मध्ये ठरवली गेली, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही.

यातलं काहीच सापडलं नाही आणि 'इ-उ' वाला तो अवघड स्वर (लहान बी च्या शेजारी उभी दांडी) दिसतोय, तर बहुतेक रशियन. एक सावधगिरी, विशेषतः किर्गिझस्तान, कझाकस्तानला मेडिकलला गेलेल्यांसाठी. ओ च्या पोटात आडवी रेघ दिसली तर ती स्लाव्हिक भाषाच नाही. किर्गिझ, कझाक, मंगोलियन या सिरिलिकमध्ये लिहितात पण त्यांचं घराणं वेगळं. बिश्केकमध्ये एकाच पाटीवर वर किर्गिझ आणि खाली रशियन असतं, तेव्हा कुठली ओळ वाचताय ते आधी बघा.

रोमन लिपीवाल्या भाषांसाठी एवढं पुरतं. एल ला मधून तिरकी काट आणि सगळीकडे डब्ल्यू दिसला की पोलिश. यू वर छोटं वर्तुळ किंवा आर वर व्ही सारखी टोपी दिसली की चेक, तो आर म्हणजे र आणि प्लेझरमधला झ एकदम, संगीतकार द्वोर्झाक याच्या नावात आहे. एल वर किंवा आर वर रेघ, ओ वर उलट्या व्ही सारखी टोपी, ए वर दोन टिंबं, हे स्लोव्हाक. नुसत्या तीनच टोप्या, सी, एस आणि झेड वर, आणि दुसरं काहीच नाही, तर स्लोव्हेन. त्या तिघांबरोबर सी वर तिरकी रेघ आणि काट मारलेला डी असेल तर क्रोएशियन, बोस्नियन, सर्बियन, माँटेनेग्रिन यांपैकी एक, आणि त्यांच्यात भांडत बसू नका. बोलताना चौघे एकमेकांना समजतात, नाव कुठलं लावायचं हा त्यांचा प्रश्न आहे, समोरचा माणूस आपल्या भाषेला जे म्हणतो ते म्हणा. वाचून ओळखायचंच असेल तर ट्रेनसाठीचा शब्द बघा, क्रोएशियात 'व्लाक', सर्बियात 'वोझ'.

पोलिशवर थोडं थांबतो कारण तिचा आपल्याशी संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची वस्ती होती, 1943 ते 1948, सुमारे 5 हजार माणसं. तरी आपण पोलिश नावं आजही इंग्रजीतून घेतो आणि बिघडवतो. वुच नावाचं मोठं शहर आहे, ते आपल्याकडे 'लोझ', 'लॉड्झ' असं काहीही छापतात. काट मारलेला एल म्हणजे ओठ गोल करून म्हटलेला व, रेघवाला ओ म्हणजे उ, आणि शेवटचा मऊ ज शब्दाच्या टोकाला येऊन च होतो. वुच. टेनिसवाली इगा श्फ्योन्तेक, तिला पेपरात स्वियातेक लिहितात. देवनागरीत पोलिश नाव नीट लिहिता येतं, फक्त आधी इंग्रजी बाजूला ठेवायला लागतं.

अक्षरं जमली की भाषांचं आपसातलं नातं कानाला तपासायची एक युक्ती देतो. दुधाचा शब्द विचारा. रशियन मलाको (लिहितात मोलोको), युक्रेनी मोलोको, बेलारूसी मलाको आणि लिहितातही तसंच. म्हणजे म आणि ल च्या मधे स्वर घुसला की पूर्वेकडचा गट. पोलिश, चेक, सर्बियन, स्लोव्हेन म्लेको, क्रोएशियन म्लियेको, बल्गेरियन म्ल्याको, इथे म-ल चिकटून. शहराच्या शब्दाचंही तेच, रशियन गोरद, म्हणून नोव्हगोरद, आणि सर्बियन ग्राद, म्हणून बेओग्राद, ज्याला आपण बेलग्रेड म्हणतो. चेकमध्ये ग चा ह होऊन ह्राद, अर्थ किल्ला. (रशियात व्होल्गोग्राद कसं मग, तर ते चर्चच्या जुन्या दक्षिणी भाषेतून आलेलं भारदस्त रूप आहे, जसं आपण गावाला पूर किंवा नगर लावतो.)

व्याकरणाची भीती घालतात लोक. रशियनमध्ये सहा विभक्ती, पोलिशमध्ये सात, असं सांगून. अहो आपण प्रथमा ते संबोधन शाळेत पाठ केलंय. रुका म्हणजे हात, रुकोय म्हणजे हाताने. शब्दाला शेपूट लागतं आणि अर्थ बदलतो, हे आपल्याला नवीन नाही. तीन लिंगं तर हिंदीवाल्यांनाही नवीन, आपल्याला नाहीत. सर्बियनमध्ये 'ताय, ता, तो' म्हणजे तो, ती, ते. रशियन नामाच्या शेवटी व्यंजन असेल तर बहुधा तो, आ असेल तर बहुधा ती, ओ असेल तर ते. बल्गेरियन आणि मॅसेडोनियनने तर नामांच्या विभक्ती जवळपास टाकूनच दिल्या आहेत. आणि शाळेत 'देवः देवौ देवाः' म्हणताना ते मधलं द्विवचन कशाला असं वाटलं असेल तर स्लोव्हेन बघा, तिथे ते अजून रोजच्या बोलण्यात जिवंत आहे, 'मिद्वा' म्हणजे आम्ही दोघं.

मला सगळ्यात जास्त भिडली ती नात्यांची नावं. सर्बियन बाईला नवऱ्याच्या भावाबद्दल विचारा, ती म्हणेल देवेर. आपला दीर, संस्कृत देवर. सुनेला स्नाहा, आपली सून, संस्कृत स्नुषा. सासरा स्वेकर, सासू स्वेकर्वा, संस्कृत श्वशुर आणि श्वश्रू. इंग्रजीत दीर आणि मेहुणा एकाच शब्दात कोंबतात, सर्बियन मात्र बायकोच्या भावाला वेगळा शब्द ठेवतात, शुराक. रशियनमध्ये सुक्याला सुखोय, नव्याला नोव्ही, मधाला म्योद, आणि अस्वलाला मेद्वेद, म्हणजे मध खाणारा. फक्त व्हॉट्सॲपवर फिरतं तसं 'रशियन संस्कृतमधून आली' असं म्हणू नका. दोघी एका खूप जुन्या भाषेच्या लेकींच्या घरातल्या आहेत, चुलत बहिणी, आई-मुलगी नाही.

आणि ओळखीचा शब्द दिसला म्हणून लगेच विश्वासही टाकू नका. प्रागला पहिल्यांदा गेलो तेव्हा बेकरीच्या काचेवर 'चेर्स्त्वे' लिहिलेलं बघून मी बाहेरच थांबलो, कारण रशियनमध्ये च्योर्स्त्वी म्हणजे शिळा, वाळलेला पाव. चेकमध्ये त्याचा अर्थ ताजा. स्टेशनवर 'पोझोर' म्हणजे चेकमध्ये सावधान, रशियनमध्ये लाज. पोलिश 'उरोदा' म्हणजे सौंदर्य, रशियन 'उरोद' म्हणजे विद्रूप माणूस. आणि 'स्तोल' रशियनमध्ये टेबल, बल्गेरियनमध्ये खुर्ची.

तिकीट काढताना महिन्याचं नाव अंदाजाने वाचू नका. 'लिस्तोपाद' म्हणजे पानगळीचा महिना, पोलिश आणि चेकमध्ये तो नोव्हेंबर, क्रोएशियनमध्ये ऑक्टोबर. बुकिंग करताना तारीख आकड्यात काय लिहिलीय तेच बघा.